तिसरं सूत

सीताबर्डीहून मी तो सायकलच्या कॅरिअरवर आणला,
ट्यूबने करकचून बांधलेला, सेकंडहँड.
मे महिना. झाकण एवढं तापलेलं
की तांडापेठेत उतरवून घेताना
आईने पदराची चुंबळ करून त्याला धरलं.

अठ्ठ्याऐंशी साल. कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा,
प्रोग्रॅम कॅसेटवरून चढायचा,
चढता चढता लाइट जायची.
प्रिंटरला स्टूल दिलं बाबांच्या मागाशेजारी,
घरात दुसरी सपाट जागाच नव्हती.

पहिल्याच ओळीला तो असा किंचाळला
की भिंतीपलीकडून सुखदेव निखारे ओरडले,
"काय कापून राह्यला बे, पत्रा?"

बाबा खड्ड्यात पाय सोडून बसलेले. पावडी थांबली.
डोकं डावीकडून उजवीकडे गेलं,
उजवीकडून परत आलं,
कागद बोटभर वर सरकला.
"धोटाच हाय हा," म्हणाले,
आणि पुन्हा विणायला लागले.

त्याच्या पोटात मराठी नव्हती.
मी ठिपके मोजून पाठवायचो, नऊ सुयांत
मात्रा, अक्षर, उकार, सगळं कोंबून.
दिवाळीच्या आत प्रत्येक ओळीतून
एक पांढरी रेघ आरपार जायला लागली.
दुकानदार म्हणाला, हेड बदला, अकराशे.
अकराशे म्हणजे किती लुगडी
ते आई बोटांवर मोजायला लागली
आणि अर्ध्यातच उठून चुलीकडे गेली.

बाबांनी कागद हातात घेतला. आडवा केला,
म्हणजे रेघ उभी झाली, ताण्यासारखी.
"वरून तिसरं सूत तुटलं."
मी हेड उघडून भिंगातून पाहिलं.
तिसरी सुई आतच अडकून बसली होती.

"सूत नाई तं नक्षी वळव ना बे.
त्याच्यासाठी काय माग इकते कोनी?"

किनारीच्या नक्षीचा चौकटींचा कागद होताच त्यांच्याकडे.
रात्री कंदिलाशी बसून त्यांनी बाराखडी मांडली:
दुसऱ्या सुतावर शिरोरेखा,
चौथ्यापासून खाली अक्षर,
मधे एका सुताची हवा.
'ळ'ला तीन रात्री गेल्या.
उकाराला एकच घर दिलं, खोडलं, पुन्हा दिलं.
'ज्ञ' सोडूनच दिला.
"सोसायटीत कोनाच्या नावात हाय?"

पुढची सहा वर्षं विणकर सोसायटीची मजुरी
त्याच अक्षरांत निघाली.
नंदनवार, सोरते, धकाते, पराते,
दोरीला न टेकता दोरीखाली वाळत घातलेली नावं.
ज्याला त्याला आपापलं नाव सापडायचं.
भोकांच्या पट्ट्या फाडायला बहीण टपलेली असायची,
त्यांच्या माळा करून तिने गणपती सजवला एकदा.

शेवटचा कागद मजुरीचा नव्हता.
सागवान, वजन, भाव.
बाबांचा माग सतराव्या नंबरावर,
पंचावन्न किलो, फणी धरून.
तो मीच छापला. दुसऱ्या कुणाकडे प्रिंटर नव्हता.
बाबांनी चष्मा लावला,
सतराव्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ पाहिलं.
"'ड'चं पोट," म्हणाले,
"अजून एक घर आत घ्याले पाह्यजे होतं."

परवा माळ्यावरून काढला.
रिबन वाळून चामड्याच्या वादीसारखी.
कॅसेट तिसऱ्या खेपेला लागली.
तो किंचाळला. निखाऱ्यांच्या घरात आता भाडेकरू असतात,
कुणी ओरडलं नाही.
कागद कोराच बाहेर आला.

उलटा करून बोट फिरवलं.
बारीक उंचवट्यांची एक रेघ लागली,
मग तेवढीच गुळगुळीत वाट,
मग बाबांचा 'ड'.